जिरावनावर किरण, पाकिटावर खूण

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते:

‘नमस्कार. मी आणि माझी जाऊ इंदूरच्या सुदामा नगरात घरूनच मसाले करून विकतो. गोडा मसाला, मेतकूट आणि सगळ्यात जास्त खप जिरावनाचा, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याचा. सियागंजातले एक व्यापारी आमचा माल बाहेरगावच्या मोठ्या दुकानांत ठेवायला तयार झाले. त्यांनी नमुना तपासायला दिला, तर त्यात जंतू जास्त निघाले. ते म्हणतात, रेडिएशन करून घ्या, किरकोळ काम आहे. पाकिटामागे बारीक अक्षरांत छापा, कोण वाचतंय! नाहीतर मी आधीच रेडिएशन झालेली मिरी आणि धने देतो, मग तर काहीच छापायला नको. आमच्या ह्यांना हे पटलंय. सासूबाई म्हणतात, अणुबॉम्बचं खाणं आपल्या नावानं विकायचं नाही, आणि लपवून तर मुळीच नाही. रागानं त्यांनी धने निवडायला बसणंच सोडलंय. त्यात माझ्या नणंदेची केमोथेरपी चालू आहे आणि तिला पोह्यांवर आमचाच जिरावन लागतो. रेडिएशन करणं चूक आहे का? आणि केलं तर सगळ्यांना सांगत सुटायचं का?’

ताई,

निकाल आधी देते, म्हणजे घरातलं निम्मं भांडण थांबेल. मसाल्यावर विकिरण, म्हणजे तुमचं ते रेडिएशन, करून घ्यायला हरकत नाही. ते बारीक अक्षरांत दडवायला हरकत आहे. आणि आधीच किरण मारलेली मिरी आणून गप्प बसायची ती तिसरी वाट मला सगळ्यांत वाईट वाटते. का, ते पुढे सांगते.

सासूबाईंपासून सुरुवात करू. त्यांची समजूत अशी दिसते की किरण मारलेला मसाला मग स्वतःच किरण सोडायला लागतो. तसं होत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस घरात किरण सांडत फिरतो का? यासाठी वापरतात त्या कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूमधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. यंत्रातून सोडलेल्या इलेक्ट्रॉनांना १० दशलक्षांची मर्यादा घातलेली आहे, आणि ती घातलीय याचसाठी की त्या ऊर्जेला अन्न किरणोत्सारी होऊ नये. कोबाल्टचा आणि मसाल्याचा स्पर्शसुद्धा होत नाही. बंद पाकिटं खोक्यांत भरून जाड काँक्रीटच्या खोलीतून फिरवतात आणि बाहेर काढतात. आत किरण जंतूंच्या डीएनएचे तुकडे करतात, मग त्यांची वाढ थांबते. आपल्याकडे मसाल्यातले जंतू कमी करायला ६ ते १४ किलोग्रे मात्रा ठरवलेली आहे. किलोग्रे म्हणजे पदार्थात किरणांची किती ऊर्जा मुरली त्याचं माप. आकडा भारदस्त वाटतो खरा, पण १० किलोग्रे ऊर्जा सगळीच्या सगळी पाण्यात उष्णता म्हणून उतरली, तरी पाणी अडीच अंशसुद्धा तापणार नाही. म्हणून तर जिऱ्याचा वास जागेवर राहतो.

ही पद्धत काल-परवाची नाही. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० साली सांगितलं, की सरासरी १० किलोग्रेपर्यंत विकिरण केलेल्या अन्नात विषारीपणाचा धोका नाही. पुढे १९९७ च्या अभ्यासगटाने त्याहून जास्त मात्रेलाही हरकत घेतली नाही. भारतात कांदा, बटाटा आणि मसाले यांच्या विकिरणाला १९९४ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेला जाणारा आपला हापूस २००७ पासून किरण घेऊनच विमानात बसतो आणि तिकडे खुणेसकट विकला जातो. कोणाची मान खाली गेल्याचं ऐकलं नाही.

पण सासूबाईंना अडाणी ठरवू नका. या भीतीला आपल्याच देशात एक मोठं कारण घडलेलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९७५ साली एक निबंध छापला. तीव्र कुपोषण झालेली १५ मुलं, पाच-पाचांचे तीन गट. एका गटाला नुकताच विकिरण केलेला गहू, दुसऱ्याला विकिरण करून काही काळ ठेवलेला, तिसऱ्याला साधा. पहिल्या गटातल्या मुलांच्या रक्तात गुणसूत्रांचे जादा संच असलेल्या पेशी दिसल्या, असं त्यांनी लिहिलं. जगभर खळबळ माजली. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना आपल्या प्रयोगांत तसं काही आढळलं नव्हतं. मग सरकारने दोघांची समिती नेमली, पी. सी. केशवन आणि आपले साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. दोन्हीकडचे आकडे तपासून १९७६ मध्ये त्यांनी निर्वाळा दिला की हैदराबादचे आकडे त्या दाव्याला पुरेसा आधार देत नाहीत.

शास्त्राच्या बाजूने प्रकरण तिथे मिटलं म्हणायला हरकत नाही. मला त्यात दुसरंच काही टोचतं. खाणारी मुलं होती, आजारी होती, भुकेली होती. त्यांच्याकडून होकार तो कसला घेणार? आपल्या ताटात काय आलंय हे ज्याला विचारता येत नाही, त्याच्यापुढे ते ठेवायचं का, हा प्रश्न गहू निर्दोष ठरला म्हणून सुटत नाही. तुमच्या व्यापाऱ्याचं ‘कोण वाचतंय’ ऐकलं आणि मला ती मुलं आठवली. तुमचं गिऱ्हाईक काही इतकं अगतिक नाही, पण त्याला न विचारण्याची सवय त्याच जातीची आहे.

शिवाय आपण कुठे राहतो तेही बघा. भोपाळ इथून दोनशे किलोमीटरच्या आत आहे. १९८४ च्या त्या रात्रीनंतर ‘कंपनी म्हणते सुरक्षित आहे’ या वाक्यावर या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी मान डोलवावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. सासूबाईंचं भौतिकशास्त्र चुकलंय. नीती नाही चुकलेली.

आता यजमानांकडे वळते, कारण ‘काही म्हणजे काहीच बदलत नाही’ असं सांगणारे लोकही थापाच मारतात. विकिरणाने ब-१ जीवनसत्त्व घटतं, क आणि ई थोडंफार जातं. चिमूटभर जिरावनातून कोणी जीवनसत्त्वं मिळवत नसल्यामुळे मसाल्यात हा मुद्दा गौण आहे, पण हेच एखाद्याच्या रोजच्या मुख्य अन्नाबद्दल असतं तर मी एवढ्या सहज सोडला नसता. व्हॉट्सॲपवर ऑस्ट्रेलियातल्या मांजरांची गोष्ट फिरते, तीही खोटी नाही. फार मोठ्या मात्रेचं विकिरण झालेलं कोरडं खाद्य सतत खाऊन तिथली मांजरं लुळी पडली आणि २००९ मध्ये त्या देशाने मांजरांच्या खाद्यावर विकिरण बंद केलं. तिथली मात्रा मसाल्याच्या मात्रेच्या कितीतरी वर होती, आणि ती मांजरं रोज तेच खात होती. सासूबाईंनी विचारलं तर ही गोष्ट अशीच पूर्ण सांगा, अर्धी नको.

मग जिरावनावर किरण मारायची गरज तरी काय? गरज आहे, आणि ती गोड्या मसाल्यापेक्षा जिरावनाला जास्त आहे. गोडा मसाला आपण आमटीत टाकतो, आमटी खळाखळा उकळते, बरेचसे जंतू तिथेच संपतात. जिरावन आपण वाफाळत्या पोह्यांवर वरून भुरभुरतो. आपल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत बघा, पोहे ताटलीत पडल्यावर शेवटचा हात जिरावनाचा. पोह्यांची वाफ साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू मारायला पुरत नाही. मेतकुटाचंही तेच, गरम भातावर तूप आणि मेतकूट, पुढे शिजणं नाही. तुम्ही जिरं-धने भाजता, ते उत्तम. पण आमचूर भाजत नाही, काळं मीठ भाजत नाही. आणि भाजलेलं सगळं ज्या गिरणीतून दळून येतं, तिथे तुमच्या आधी कोणाची मिरची आणि कोणाची हळद गेलेली असते. मसाल्याची पिकं जमिनीवर, अंगणात, गच्चीवर वाळतात. पक्षी, पाली, उंदीर, धूळ. कोरड्या मसाल्यात साल्मोनेला वाढत नाही हे खरं, पण महिनोन्‌महिने जिवंत मात्र राहतो. धडधाकट माणसाला एखाद्या दिवशी पोटदुखीवर निभावेल, म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना महागात पडू शकतं.

जंतू मारायच्या बाकीच्या वाटाही माहीत असू द्या. एथिलीन ऑक्साइड वायूची धुरी देतात. हा वायू कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे आणि युरोपने अन्नासाठी तो कधीच बंद केला. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने आपल्याकडच्या नावाजलेल्या कंपन्यांचे काही मसाले बाजारातून काढायला लावले, ते याच वायूच्या अंशामुळे. दुसरी वाट वाफेची. ती स्वच्छ आणि सुरक्षित, पण मोठं यंत्र लागतं आणि दळलेल्या मसाल्याला वाफ सोसत नाही, गोळे होतात. या दोन्हींच्या शेजारी ठेवलं तर विकिरण मला जास्त सभ्य वाटतं. मागे काही अंश उरत नाही आणि सीलबंद पाकिटातच काम होत असल्यामुळे नंतर पुन्हा हात लागत नाही.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र मी मनापासून मान्य करते. विकिरण हे घाण झाकायचं फडकं होऊ शकतं. व्यापारी म्हणतो, विकिरण करून घ्या, सगळं मरेल. मरेल हो! पण उंदराचा केस मरत नाही, तो पाकिटातच राहतो. बुरशीने आधी करून ठेवलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष या मात्रेला जात नाही. हळदीत कोणी लेड क्रोमेट हा शिशाचा विषारी पिवळा रंग मिसळला असेल तर तो तसाच राहतो, कीटकनाशकाच्या अंशांवरही भरवसा ठेवता येत नाही. विकिरण म्हणजे स्वच्छतेला पर्याय नव्हे, हे अन्नाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या कोडेक्सनेही आपल्या मानकात लिहून ठेवलंय. तेव्हा जंतू जास्त निघाले याचा पहिला अर्थ ‘किरण मारा’ असा लावू नका. पहिला अर्थ असा, की आपल्याकडे कुठेतरी घाण शिरतेय. धने कुठून येतात, आमचूर किती ओलसर आहे, गिरणी कोणाची, पाकिटं भरताना हात कसे, हे शोधा. घरचाच छोटा पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं यंत्र, घेता आला तर घ्या, व्यापाऱ्याच्या मालासाठी पहिला पैसा तिथे खर्च करा. मग पुन्हा तपासणी. इंदुरातल्या ओळखीच्या घरांपुरतं विकायचं असेल तर कदाचित तेवढ्यावरच भागेल. दूरच्या दुकानांत महिनोन्‌महिने पडून राहणारा माल असेल, तर त्यानंतर विकिरण जरूर करा. क्रम उलटा केला तर सासूबाईंचा राग रास्त ठरेल.

आता सांगायचं की नाही ते.

चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी माणसं तुमच्या घरातही असतील. त्यांना आपण विचारतो का, की कांद्याने नेमकं काय बिघडतं त्याचा पुरावा दाखवा? कांदा घातलेली भाजी ‘कळतंय कुणाला’ म्हणून वाढतो का? वाढली आणि नंतर कळलं, तर ती बाई पुन्हा तुमच्याकडे पाणीसुद्धा पिणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. पाकिटावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपकाही तब्येतीसाठी नसतो. खाणाऱ्याची श्रद्धा, सवय, किळस, हट्ट यांना आपला कायदा कारण न विचारता मान देतो. विकिरण नको म्हणणाऱ्याचं कारण चुकीचं असू शकतं, मला ते बहुतेक वेळा चुकीचंच वाटतं. तरी नको म्हणायचा त्याचा हक्क माझ्या पटण्यावर अवलंबून नाही. त्याचं मत बदलायचं असेल तर समजावून बदला. अंधारात ठेवून जिंकलेला वाद तो जिंकलेला नसतो, आणि पुढे कधी बाहेर आलाच तर लोक म्हणणार, काहीतरी असल्याशिवाय का लपवलं? विकिरणाची बदनामी लपवणाऱ्यांनी जेवढी केली तेवढी विरोधकांनाही जमली नसेल.

कायदाही इथे मोघम नाही. विकिरण केलेल्या अन्नाच्या पाकिटावर तसं लिहावं लागतं, सोबत विकिरणाची तारीख, परवाना क्रमांक, उद्देश आणि ती खूण. राडुरा म्हणतात तिला, हिरव्या वर्तुळाचा वरचा अर्धा भाग तुटक आणि आत रोपट्यासारखी आकृती. गंमत अशी की अनोळखी माणसाला ती सेंद्रिय मालाची खूण वाटते. त्यामुळे नुसती खूण छापून प्रामाणिकपणा झाला असं समजू नका. शेजारी वाचता येईल अशा अक्षरांत मराठी-हिंदीत एक साधं वाक्य टाका: ‘जंतू कमी करण्यासाठी या मसाल्यावर विकिरण केले आहे. त्यामुळे मसाला किरणोत्सारी होत नाही.’ एवढं पुरे. पुढच्या बाजूला, मसाल्याच्या नावाखाली.

राहिली व्यापाऱ्याची दुसरी युक्ती, आधीच किरण मारलेली मिरी आणि धने. अमेरिकेत ही पळवाट खरोखरच आहे: विकिरण केलेला मसाला दुसऱ्या पदार्थात घटक म्हणून पडला की पाकिटावर सांगावं लागत नाही, हॉटेलात तर नाहीच. युरोपात मात्र चिमूटभर घटकालाही सांगणं सक्तीचं आहे, आणि कोडेक्सचं लेबलचं मानकही घटकांच्या यादीत उल्लेख करायला सांगतं. मला युरोपचं बरोबर वाटतं. ही युक्ती सगळ्यांत वाईट का म्हणाले, तर तिच्यात लपवणं पूर्ण आहे आणि फायदा जवळजवळ शून्य. शुद्ध केलेली मिरी तुमच्या त्याच गिरणीत, त्याच आमचुराबरोबर दळली जाणार. जंतू पुन्हा हजर. म्हणजे गिऱ्हाइकाला अंधारातही ठेवलं आणि आजारातूनही वाचवलं नाही. नुसता त्या व्यापाऱ्याचा माल खपला.

करायचं ठरलंच तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेकडे तुमची स्वतःची नोंदणी आहे ना? आणि विकिरण केंद्राकडे अन्नाचं विकिरण करायचा परवाना आहे ना, तो कागद मागून बघा. वैद्यकीय साहित्याचं निर्जंतुकीकरण करणारं प्रत्येक केंद्र अन्न घेऊ शकतं असं नाही. तुम्ही जिरावन काचेच्या बरण्यांत भरत असाल तर तो बेत बदला, किरणांनी काच तपकिरी पडते आणि गिऱ्हाईक बरणी उघडायच्या आधीच दचकतं. पाकिटाचं प्लास्टिक चालेल का हे केंद्राला विचारा. आणि एकदा विकिरण झालेला माल खपला नाही म्हणून पुन्हा किरण मारायला पाठवू नका, त्याला मुभा नाही.

गॅमा की इलेक्ट्रॉन, हे निवडता आलं तर माझा कल इलेक्ट्रॉनकडे आहे. कोबाल्टचा धोका खाणाऱ्याला नसतो, पण तो हाताळणाऱ्याला असतो. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० साली कोबाल्ट-६० असलेलं एका विद्यापीठाचं जुनं यंत्र भंगारात विकलं गेलं, भंगार फोडणाऱ्यांपैकी कित्येक भाजून निघाले आणि एकाचा जीव गेला. ते अन्नाचं यंत्र नव्हतं, आणि चालू केंद्रांवरचा पहारा कडक असतो. तरीही आपला मसाला शुद्ध व्हावा म्हणून कोणीतरी ती जोखीम वर्षानुवर्षं सांभाळत असतं, हे हिशेबात धरायला हवं. इलेक्ट्रॉन यंत्राचं बटण बंद केलं की किरण बंद, मागे किरणोत्सारी धातू नाही. किरण आत मात्र काही सेंटिमीटरच शिरतात, म्हणून मोठ्या पोत्यांना ते चालत नाही. तुमच्या चपट्या पाकिटांना चालेल. आणि ही यंत्रं बनवणारी राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची मंडळी आपल्याच गावात आहेत, कॅट म्हणून रिक्षावालासुद्धा ओळखतो. चोइथराम मंडीच्या आवारात त्यांनी असं एक केंद्र उभं केलंय. तुमचा जिरावन तिथे घेतील की नाही, ते चौकशी करून ठरवा.

सासूबाईंना पटवायचं काम यजमानांवर सोपवू नका, त्यांनी आधीच व्यापाऱ्याची बाजू घेतलीय. तुम्ही बोला. त्यांना सांगा, लपवायचं नाही हे तुमचं म्हणणं आम्ही मानलं, पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापतोय. आणि थोडा माल बिनविकिरणाचा ठेवतोय, तोही तसा सांगून, ज्याला जो हवा तो घेईल. धने निवडण्याची गरज तर आता वाढलीय. इतक्यावर त्या येऊन बसतील असा माझा अंदाज आहे. नाही बसल्या, तर त्यांच्या वाटणीचा गोडा मसाला वेगळा काढून ठेवा, त्यात कमीपणा नाही.

नणंदेचं मात्र थांबून चालणार नाही. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना वरून भुरभुरलेला कच्चा मसाला धोक्याचा ठरू शकतो, आणि हा नमुना तर जंतू जास्त असलेलाच निघालाय. या घाण्यातला जिरावन त्यांना आजपासून देऊ नका. जिरं-धने पोह्यांच्या फोडणीतच चांगले परतून घाला, म्हणजे चव निदान त्या बाजूची येईल. विकिरण केलेला चालेल का, कधीपासून आणि किती, हे त्यांच्या डॉक्टरांना पुढच्या खेपेला विचारा. जाताना तपासणीचा तो अहवाल बरोबर न्या.